वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य आणि आपण वाचक



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून विद्वानांनी व्यासपीठावर उभे राहावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज चालत आला आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर. चालकांनी मला ‘लोकशाहीतील वृत्तपत्र-स्वातंत्र्य’ हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हणालो, “अहो, या विषयावर बोलायला मी सर्वांत नालायक माणूस आहे. मी एकदा वर्तमानपत्रांचा गठ्ठा जाळलेला आहे.” ते हसले आणि म्हणाले, “मग तुम्हीच बोला.” तेव्हा आरंभ त्या गठ्ठ्यापासूनच करतो. इतिहास मागाहून येईल.

एका गठ्ठ्याची गोष्ट

गोष्ट १९९७ सालची. आसनगावच्या बाजूच्या एका कारखान्यात आमचा संप चालू होता. महिना उलटून गेला होता. घरातले तांदूळ संपत आले होते आणि माणसे चिडचिडी झाली होती. अशात एका वर्तमानपत्रात बातमी आली की, संपवाल्यांनी अधिकाऱ्याला मारहाण केली. तसे काही घडले नव्हते. बातमीदार फाटकापर्यंत आलाही नव्हता. कचेरीतून जे सांगितले ते त्याने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने गठ्ठे उतरले तेव्हा आम्ही दहा-बारा जण स्थानकाबाहेर उभे होतो. त्या पत्राचा गठ्ठा आम्ही पेपरवाल्याच्या हातून ओढून घेतला आणि रस्त्यावर पेटवून दिला. घोषणाही दिल्या. आपण मोठा पराक्रम केला, असे त्या वेळी वाटले.

पेपरवाला वयस्कर गृहस्थ होता. तो आमच्याशी भांडला नाही. एवढेच म्हणाला, “ते मी पैसे भरून घेतलेले होते.”

त्या संध्याकाळी आमच्यातले एक वडीलधारे गडी, मुरबाडच्या माळशेजकडच्या गावचे, मला बाजूला घेऊन बसले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांची नोकरी गेली होती आणि उतारवयात ते आमच्याबरोबर हेल्परीवर लागले होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. मामा म्हणाले, “अरे, त्या गठ्ठ्यात आपली एकच बातमी होती का? भरतीच्या जाहिराती होत्या. कुणाची पोर ती बघायला थांबली असंल. आन उद्या आपलं पत्रक कुणी असंच पेटवलं, तर तू कुठल्या तोंडानं बोलशील?”

मी त्यांना उत्तर दिले नाही. उत्तर पुढे महिनाभराने परिस्थितीनेच दिले. आमची बाजू मांडणारे एक पत्रक आम्हाला छापून हवे होते. आम्ही तीन छापखान्यांत गेलो, आणि तिघांनीही नकार दिला. त्या वेळी लागू असलेल्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव घालावे लागे, आणि कारखान्याची बिले व पावत्या छापणारा मुद्रक आमच्या पत्रकावर आपले नाव घालायला धजत नव्हता. तेव्हा मी त्या छापखान्याच्या दारात उभा राहून, “हे मुद्रणस्वातंत्र्य आहे की काय?” असे तावातावाने विचारले, आणि माझ्या मागे मामा उभे आहेत हे आठवून माझी मान खाली गेली.

गठ्ठ्याचे पैसे आम्ही पेपरवाल्याला पुढे चुकते केले. पण मामांचा प्रश्न फिटला नाही. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य हे कोणाचे स्वातंत्र्य? संपादकाचे, मालकाचे, की ज्याच्याकडे ना पत्र आहे ना छापखाना, अशा आपल्यासारख्यांचे? या प्रश्नापायी मी वाचू लागलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दगडावरचे लेखन आणि कागदावरचे

मुरबाड तालुक्यातून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले की माथ्यावर एक लेणे लागते. त्यात ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध आहे. कोणते यज्ञ केले, किती हजार गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याची त्यात मोजदाद आहे. जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. आपल्या मुलुखातील फार जुने असे हे लेखन. परंतु त्यात एक उणीव आहे. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी तो घाट फोडला, ज्यांनी ओझी वाहिली, ज्यांनी रांजणात जकात टाकली, त्यांचे एक अक्षर नाही. राज्यकर्त्याला आपले म्हणणे कोरून ठेवायला कधीच अडचण पडली नाही. अडचण पडते ती इतरांना.

ही अडचण दूर करण्याचे साधन म्हणजे छापखाना. आपल्या भाषेत त्याचा उपयोग वृत्तपत्रासाठी पहिल्यांदा केला बाळशास्त्री जांभेकरांनी. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले. तो दिवस आज महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी पत्र काढायचे तर सरकारी परवान्याचा जाच होता. १८३५ साली हंगामी गव्हर्नर जनरल चार्ल्स मेटकाफ याने तो काढून टाकला, आणि त्यापायी कंपनीच्या संचालकांची गैरमर्जी ओढवून घेतली. पण परक्या सत्तेने दिलेले स्वातंत्र्य हे उसने असते. मालक मागेल तेव्हा परत करावे लागते. १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम १२४-अ आले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. मराठी, बंगालीत जे लिहिले जाईल त्याच्यासाठी मात्र जामीन, अनामत आणि जप्ती! यावरूनच सरकारला भय कोणाचे होते ते कळते. साहेबाला साहेबाच्या भाषेत चार शब्द सुनावलेले त्याला चालत होते. तेच शब्द शेतकऱ्याच्या आणि हमालाच्या कानी जाणे चालत नव्हते. तो कायदा १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या अमदानीत रद्द झाला.

ठाण्याचा एक सुपुत्र

याच अवधीत एक पत्र निघाले, त्याचे नाव ‘दीनबंधू’. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी ते पुण्यात सुरू केले आणि १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, आपल्या ठाण्याचा. शिक्षण बेताचे, नोकरी आधी रेल्वेत, पोस्टात आणि मग गिरणीत भांडारपालाची. गिरणीत जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी पत्रात लिहिले. त्या वेळी आठवड्याची सुट्टी नव्हती. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम. १८८१ चा कारखाना कायदा मुलांपुरता होता, आणि तोही सात वर्षांच्या पोराला नऊ तास राबविण्याची मुभा देणारा!

१८८४ साली लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि अपघात झाला तर भरपाई, एवढ्याच मागण्या. एप्रिल १८९० मध्ये त्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बंधूंनो, आज रविवारी आपण जे घरी असतो, त्यामागे एका लहानशा पत्राची कित्येक वर्षांची लेखणी आहे. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८३ मधील ग्रंथ. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त आली आणि पुढची आली नाहीत. आपल्याच लोकांतील छापखानेवाल्यांच्या भेकडपणाबद्दल फुल्यांनी कडवट शब्दांत लिहून ठेवले आहे. लोखंडे हे फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. तरीही हात आखडला. पत्र आपल्या माणसाचे असले म्हणजे ते निर्भय असतेच असे नाही. माझ्या तीन मुद्रकांचा राग मी त्या दिवसापासून सोडून दिला.

१९०८ चे सहा दिवस

आता या विषयातील जो प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो, त्याच्याकडे येतो.

‘केसरी’ निघाला जानेवारी १८८१ मध्ये. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. त्या खटल्यात ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती ती बनावट निघाली. दोघांनी क्षमा मागितली, तरी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. चुकीचे छापले तर त्याची किंमत संपादकाने मोजावी, हे तेव्हाही मान्य होते. पण किंमत ठरवायची न्यायालयाने. स्थानकावरच्या जमावाने नव्हे. हे मी माझ्या स्वतःच्या कानाला धरून सांगत आहे.

१८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे १९०८ च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बाँबस्फोट झाला, आणि ‘केसरी’ने अग्रलेख लिहिले. ‘देशाचे दुर्दैव’ हा १२ मेचा, आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जूनचा. जुलमी कारभारातून अशी कृत्ये उपजतात आणि दडपशाही हा त्यावरचा उपाय नव्हे, असा त्यांचा रोख. २४ जूनला टिळकांना पकडण्यात आले. खटला चालला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे वकील होते! टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक वेळ, कित्येक दिवस चालले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला मराठी लेखांवर, आणि ज्यूरीतील बहुतेकांना मराठी येत नव्हते. सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली गेली.

दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या थंडावल्या. सहा वर्षांच्या शिक्षेबद्दल सहा दिवसांचा संप. सरकारने लष्कर बोलावले, गोळीबार झाला, कामगार मेले. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेऊन भारतातला कामगार आता राजकारणात जागा झाला असे लिहिले.

मंडळी, इथे जरा थांबा. हे कामगार कोण होते? रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे आणि कोकणचे. त्यांतल्या बहुतेकांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता. चाळीच्या ओट्यावर एकाने वाचावा आणि वीस जणांनी ऐकावा, अशी त्या वेळची रीत. आणि ‘केसरी’ हे काही कामगारांचे पत्र नव्हते. उलट, ज्या कारखाना कायद्यासाठी लोखंडे झिजले, त्या कायद्याला टिळकांच्या पत्रांनी विरोध केला होता. देशी गिरण्यांचा गळा घोटण्याचा हा मँचेस्टरवाल्यांचा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गिरणीतल्या माणसाच्या कामाच्या तासांच्या प्रश्नावर हे पत्र त्याच्या बाजूला उभे राहिले नव्हते. तरीही त्याच पत्राच्या संपादकासाठी गिरणीतल्या माणसाने सहा दिवसांची मजुरी सोडली आणि छातीवर गोळी घेतली.

कोणी म्हणेल, ते टिळकांवरचे प्रेम होते. वृत्तपत्र-स्वातंत्र्याची कल्पना त्या अडाणी माणसांना कुठून असणार? असेल, प्रेमही होते. पण प्रेम तरी कशावर? सरकारला तोंडावर उत्तर देणारा एक आवाज आपला आहे, आणि तो बंद झाला तर आपलेही तोंड शिवले जाईल, हे त्यांना पुस्तक न वाचता कळले होते. एक पत्र आपल्या हिताचे सारेच लिहीत नाही म्हणून ते बंद पडू द्यावे, असा हिशेब त्यांनी केला नाही. मी १९९७ मध्ये नेमका तोच हिशेब केला होता.

मूकनायकाची जाहिरात

सरकारचे कुलूप हे एक कुलूप. दुसरे कुलूप समाजाचे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली. या नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, अशी हकीकत आंबेडकरांच्या चरित्रात नोंदलेली आहे. म्हणजे ज्या पत्राच्या स्वातंत्र्यासाठी गरिबांनी प्राण दिले, त्याच पत्राच्या रकान्यात गरिबांतल्या गरिबाला विकत घेऊनही चार ओळींची जागा मिळेना!

म्हणून काय ‘केसरी’वरचे खटले योग्य ठरले? नाही. आणि खटले अयोग्य होते म्हणून ही जाहिरात नाकारणे योग्य ठरले? तेही नाही. बाबासाहेबांनी त्याला जे उत्तर दिले ते खरे उत्तर. त्यांनी दुसऱ्याचे पत्र बंद पाडले नाही, आपले काढले. ते बंद पडले तेव्हा १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले, १९३० मध्ये ‘जनता’ काढले, आणि पुढे १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

राज्यघटना, मालक आणि वाचक

पुढे स्वातंत्र्य आले आणि राज्यघटना आली. तिच्या १९ व्या कलमात भाषण व विचारप्रकटनाचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. वृत्तपत्र हा शब्द तेथे नाही. तो का नाही, असे घटना समितीत विचारले गेले, तेव्हा बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, वृत्तपत्राला नागरिकाहून निराळे हक्क नसतात. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य हा कोणा वर्गाचा मानपान नव्हे; ते तुमचे-आमचेच स्वातंत्र्य, छापून काढलेले.

स्वराज्यात हे स्वातंत्र्य लागलीच कसोटीला लागले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली. लगोलग १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ घातली गेली. घटना अंमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते!

दुसरे प्रकरण मालकांचे. १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला आणि वेतनमंडळ नेमले गेले. तेव्हा वृत्तपत्रांचे मालक न्यायालयात गेले आणि म्हणाले की, पगार वाढवायला लावणे हा वृत्तपत्र-स्वातंत्र्यावर घाला आहे. १९५८ मध्ये न्यायालयाने वेतनमंडळाचा निर्णय दुसऱ्या कारणासाठी रद्द केला, पण हा युक्तिवाद मात्र मानला नाही. कामगार कायदा इतर धंद्यांसारखाच या धंद्यालाही लागू, असे ठरले. स्वातंत्र्याचा झेंडा कोण कशासाठी फडकावतो, हे पाहायला आपण शिकले पाहिजे.

आणि तिसरे प्रकरण पुण्याच्या ‘सकाळ’चे. हे मला सर्वांत जवळचे वाटते. १९५६ चा एक कायदा आणि त्याखालचा १९६० चा हुकूम असा होता की, किती पानांच्या अंकाची किती किंमत ठेवायची ते सरकार ठरवील. हेतू वाईट नव्हता. बड्या भांडवलाच्या पत्रांनी जास्त पाने स्वस्तात देऊन लहान पत्रांना मारू नये, असा तो हेतू. मी त्या वेळी असतो तर कदाचित त्या कायद्याच्या बाजूने मोर्चाही काढला असता. नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळे. हुकूम पाळायचा तर किंमत वाढवा, नाहीतर पाने कमी करा. किंमत वाढली की गरीब वाचक गळणार, पाने कमी झाली की मजकूर गळणार. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि एकटा गेला नाही. त्याच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले. आमचे वाचणे कमी करण्याचा अधिकार सरकारला नाही, असे सांगायला दोन वाचक दिल्लीपर्यंत गेले! सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा आणि हुकूम रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिले. पत्र किती लोकांपर्यंत पोहोचते हाही त्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि एका चांगल्या हेतूसाठी दुसऱ्याचे बोलणे आखडता येत नाही, असा त्याचा आशय. माझ्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर त्या दोन वाचकांनी दिले.

कोरे रकाने आणि कमी झालेला बोनस

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि छपाईआधी तपासणी सुरू झाली. काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी ठेवली. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ‘साधना’ला सरकारशी झगडावे लागले. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये ठणकावले की, सरकारवर टीका केली एवढ्यासाठी मजकूर अडविण्याचा अधिकार तपासनिसाला नाही.

हे सारे सुशिक्षितांचे प्रकरण, कामगाराला त्याचे काय, असे विचारणारे आमच्यात पुष्कळ भेटतात. त्यांना मी एक आकडा सांगतो. सप्टेंबर १९७५ मध्ये, पत्रे मुकी असताना, एका वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात आला. एरवी ज्या बातमीने साऱ्या देशात मोर्चे निघाले असते, ती निमूटपणे आली आणि गेली. निषेध छापून येण्याची सोय नव्हती आणि संप म्हणजे तुरुंग. कोऱ्या रकान्याची किंमत संपादकाने एक दिली. कामगाराने दिवाळीला दुसरी दिली.

पालघर

हा इतिहास दूरचा वाटू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यात घडलेला एक प्रसंग सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील एका तरुणीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार वाक्ये लिहिली. दुसरीने ती आवडल्याची खूण केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे खटला मागे घेतला गेला. पण त्या अटकेने चिडून एक कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. टिळकांना ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते १२४-अ मात्र स्वराज्यातही टिकले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा अंमल थांबविला आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली; परंतु नव्या न्यायसंहितेच्या १५२ व्या कलमात त्याचीच छाया आहे, असे अनेक कायदेपंडित म्हणतात. आपण डोळे उघडे ठेवावेत.

पालघरच्या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. आता प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. म्हणून लोखंडे, टिळक यांना जे भोगावे लागले ते कोणाही शाळकरी पोराच्या वाट्याला येऊ शकते. आणि दुसरी गोष्ट, दवाखाना फोडणारे सरकारचे नोकर नव्हते. ते तुमच्या-माझ्यासारखे होते, आणि आम्ही स्थानकावर घोषणा दिल्या तशाच त्यांनीही दिल्या असतील.

आपण काय करावे

शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. पावसाळ्यात मुंबईच्या पत्रांतून तलावांची पातळी रोज छापून येते. मुंबईकर सकाळी उठून ती वाचतो. पण त्याच तलावांच्या भोवतालच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईची बातमी कधी येते, कधी येत नाही. आली तर आतल्या पानावर, एका बोटाच्या रुंदीची. तिला कोणी कायद्याने अडविलेले नाही. तिला अडविले आहे ते आमच्या उदासीनतेने. जी बातमी कोणी मागत नाही ती कोण छापील?

म्हणून तीन गोष्टी सुचवून संपवितो. पहिली, प्रत्येक गावच्या वाचनालयात निदान दोन पत्रे अशी घ्यावीत की ज्यांचे एकमेकांशी पटत नाही. दुसरी, खोटी बातमी आली तर दगड उचलू नये, लेखणी उचलावी. खुलासा पाठवावा, सही करून पाठवावा, पुन्हा पुन्हा पाठवावा, आणि नाहीच छापला तर आपले पत्रक काढावे. तिसरी सर्वांत अवघड. जे पत्र आपल्या विरुद्ध लिहिते त्याच्यावर जेव्हा सरकार किंवा जमाव चालून येईल, तेव्हा त्याच्या दाराशी जाऊन उभे राहावे. १९०८ च्या गिरणी कामगारांनी ते केले. त्यांना अक्षरओळख नव्हती, आपल्याला आहे.

मामा आज हयात नाहीत. तो पेपरवालाही आता स्थानकाबाहेर बसत नाही. त्याच्या जागेवर त्याचा मुलगा बसतो. ज्या पत्राचा गठ्ठा आम्ही जाळला, ते पत्र मी रोज त्याच्याकडून विकत घेतो. ते अजूनही आमच्या संघटनेविरुद्ध अधूनमधून लिहिते. मी वाचतो, चिडतो, घरी जाऊन उत्तर लिहितो. त्यांनी आजवर त्यांतली दोन छापली आहेत.